बरकत बाहेर फेकणारा पंखा

शिवणकामाच्या हॉलमधले आम्ही बेचाळीस जण बंद दारासमोर हात जोडून उभे होतो. दार आत ओढून उघडायचं. दोघांनी मिळून ओढलं तरी हलेना. फटीतून बारीक शिट्टी वाजत होती. खिडक्यांच्या काचा कायमच्या बसवलेल्या. ज्याला घरी जायचं त्यानं बुवांच्या कृपेनंच जायचं.

"ऐकलंत? शीळ घालतोय!" बुवा डोळे फिरवत म्हणाले. "पलीकडून दार धरून उभा आहे तो!"

त्यांनी घंटा बडवली, तिसऱ्या 'हुं'ला कडीत करंगळी अडकवली आणि दार अलगद उघडलं. मालकांनी तिथंच डोकं टेकलं.

"पण कोण आहे तो, बुवा?"

"नव्या काजेवालीचा मेलेला नवरा. तिला न्यायला येतो. शनिवारी तिला काढा, नाहीतर एक दिवस सगळेच आत राहाल."

मी इथला आवक-जावक कारकून. कापड किती आलं, कपडे किती गेले, एवढंच मला कळतं. माझ्या वहीत चमत्काराचा रकाना नाही. पण बटणांची काजं करणारी ही काजेवाली सहा आठवड्यांपूर्वी आली आणि त्याच आठवड्यात दार अडायला लागलं, हे मलाही नाकारता येईना. डबा खाताना तिच्या शेजारी आता कुणी बसत नव्हतं.

"भाऊ," ती मला म्हणाली, "माझा नवरा जिवंतपणी एकदाही मला न्यायला आला नाही. आता बरी आठवण झाली!" मग हळूच म्हणाली, "घरी दोन मुली आहेत हो. असलं नाव घेऊन गेले तर दुसरीकडे कोण उभं करील मला?"

मी वही उघडली. त्या आठवड्यात आणखी काय काय आलं? प्लायवूड, एक तुकडा. लाल कापड, दीड वार.

तेव्हा आठवलं. मागच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा होता. "हा तुमची बरकत बाहेर फेकतोय!" असं याच बुवांनी सांगितलं आणि मालकांनी तो बंद करून वर फळी ठोकली, फळीवर लाल कापड. छतातून ताजी हवा आत ढकलणारा मोठा पंखा मात्र सकाळी लागला की सगळे घरी गेल्यावरच थांबायचा.

"म्हणजे आवक चालू, जावक बंद," मी पुटपुटलो.

काजेवाली छताच्या जाळीकडे बघत होती. जाळीला अडकलेली चिंधी फडफडत होती. "भाऊ, दार उघडायच्या जरा आधी ही चिंधी गप्प लोंबते. रोज. आणि तेव्हा बुवांचा चेला स्विचबोर्डला पाठ लावून उभा असतो."

शनिवारी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "बुवा, मी जाते. फक्त जाण्याआधी चेलेबुवांनी माझ्याजवळ उभं राहून प्रार्थना करावी." आणि तिनं चेल्याचं मनगटच धरलं.

घंटा झाली. तीन 'हुं' झाले, सात झाले. करंगळी लाल झाली, दार हलेना. धुपाचा धूर कोंडला. इस्त्रीवाला खोकून खोकून वाकला. "उघडा हो, जीव जाईल!" कुणीतरी किंचाळलं. मालक दोन्ही हातांनी कडीला लोंबकळले.

"कोप झालाय!" बुवा ओरडले. "चेल्या, जरा तिकडे जा बघू..."

"माझा हात सोडा, बाई!"

"प्रार्थना संपू दे," काजेवाली म्हणाली.

चिंधी अजून फडफडत होती. मी स्टुलावर चढलो, कात्रीनं फळी उचकटली आणि इस्त्रीवाल्यानं मागच्या पंख्याचं बटण दाबलं. धूर ओढल्यासारखा तिकडे निघाला. फटीतली शिट्टी बंद पडली.

"मालक," काजेवाली म्हणाली, "आता करंगळी लावा. तुमची."

दार उघडलं.

भूत नव्हतं. हॉलमध्ये कोंबलेली हवाच दार चौकटीवर दाबून धरत होती. चेल्यानं गुपचूप छताचा पंखा थांबवला की दाब उतरे आणि करंगळीला यश येई. दार ज्यानं अडवलं, तोच ते उघडायला बसला होता. आणि आम्ही बेचाळीस शहाणे लोक सहा आठवडे दाराकडे न बघता एका बाईकडे बघत होतो. तुमच्याकडे काही अडलं, तर कुणाच्या कपाळाकडे बघण्याआधी आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय, तेवढं मोजा. त्याला बुवा लागत नाही.

सोमवारी काजेवालीच्या शेजारी डबा खायला तिघी बसल्या. मी जावक लिहिली: प्लायवूड, एक तुकडा. लाल कापड, दीड वार. बुवा, एक, चेल्यासह.