निळ्या पुस्तिकेतलं पाचवं कलम

शाळेच्या व्हरांड्यातल्या पाण्याच्या नळाला सहा वर्षांची रेन रोज तोंड लावायची. घरून दिलेली बाटली ती हमखास बाकाखाली विसरायची. तिच्या आईनं, लोर्ना ट्रेस्लरनं, एक दिवस त्या नळाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेला पाठवलं. उत्तर आलं: पाण्यात शिसं आहे, मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

मार्चच्या सभेत लोर्नानं तो कागद शाळा मंडळापुढे वाचला. इमारतीची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला हे ऑक्टोबरपासून ठाऊक आहे, असं त्याचं नाव घेऊन सांगितलं. आठवड्याभरात अध्यक्षांचं पत्र आलं. कर्मचाऱ्याचं नाव जाहीर घेतल्याबद्दल तिला सहा महिने सभेत बोलायला बंदी. नळाबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता.

तिनं अध्यक्षांना, मर्ल स्टॉल्नेकर यांना, फोन लावला.

"सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचा मला हक्क आहे."

"असेल तर पुस्तकात दाखवा," ते शांतपणे म्हणाले. "पुस्तक आहे ना घरात?"

पुस्तक म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेची निळी पुस्तिका. ती गावात घरोघरी होती. राज्यघटनेला दोनशे वर्षं झाली तेव्हा मर्लच्या वडिलांनी आपल्या छापखान्यात ती हजारोंनी छापली होती, आणि अजूनही दर सप्टेंबरात शाळेत वाटली जायची. मुखपृष्ठावर अभिमानानं लिहिलेलं: फिलाडेल्फियात सह्या झाल्या तशीच, एक अक्षर अधिक नाही.

लोर्नानं ती दोनदा चाळली. सात कलमं, मग सह्या, मग कोरं पान. भाषणाचं नाही, गाऱ्हाण्याचं नाही. कॉलेजात हे सगळं शिकलेल्या तिला क्षणभर स्वतःचीच शंका आली. आपल्या प्रतीची पानं गळाली असतील म्हणून ती पुस्तिका घेऊन शेजारच्या व्हर्ना हॉस्टेटरकडे गेली. व्हर्नानं जिल्हा न्यायालयात तीस वर्षं कारकुनी केलेली.

"पानं नाही गळली, पोरी," व्हर्ना चष्मा पुसत म्हणाली. "त्या उन्हाळ्यात सह्या झाल्या तेव्हा हक्कांची कलमं नव्हतीच. त्याच कारणानं एक-दोघं तर सही न करता घरी गेले. मग गावोगाव लोक अडून बसले, की आधी हक्क लिहून द्या. चार वर्षांनी दहा दुरुस्त्या आल्या. मर्लच्या बापानं त्या छापल्याच नाहीत. अस्सल ते अस्सल म्हणे."

"आणि अख्खं गाव हेच वाचत मोठं झालं?"

"मीही. कोर्टात लागले तेव्हा कळलं. मर्लला तेही कळायचं कारण नव्हतं, तो टायर विकतो."

लोर्ना हसली नाही. ती पाचव्या कलमाशी थांबली होती. घटनेत दुरुस्ती कशी करायची ते त्यात लिहिलं होतं. म्हणजे ज्यांनी सह्या केल्या त्यांनाच ठाऊक होतं, की आपलं काही चुकेल, काही राहून जाईल. दार त्यांनीच उघडं ठेवलं होतं.

"एप्रिलच्या सभेत उद्देशिका वाचायची पाळी कुणाची?" तिनं विचारलं.

व्हर्नानं चष्मा चढवला. गावाची जुनी रीत होती. सभेच्या सुरुवातीला एक घर निळ्या पुस्तिकेतून वाचायचं, पाळी रस्त्यातल्या घरांच्या क्रमानं यायची, आणि वाचणाऱ्याला मध्ये कुणी तोडायचं नाही.

"माझी," व्हर्ना म्हणाली. "पण माझा घसा बसणार आहे त्या दिवशी. पुढचं घर तुझं."

सभेच्या संध्याकाळी लोर्ना ध्वनिक्षेपकापाशी उभी राहिली तेव्हा मर्लनी भुवया उंचावल्या.

"बाई, तुम्हाला पत्र मिळालं ना?"

"मिळालं. बोलायला बंदी आहे. मी वाचायला आलेय, पाळी आहे आमची."

मर्लनी आजूबाजूला पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "वाचू दे की, मर्ल. रीत आहे." त्यांनी हात हलवला.

"आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक," लोर्नानं सुरुवात केली. उद्देशिका संपली, खुर्च्या करकरल्या, पण ती खाली बसली नाही. तिनं पान उलटून पाचवं कलम वाचलं, सावकाश, अर्धविरामांसकट. मग मागच्या कोऱ्या पानाशी आली. तिथं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता. पहिली दुरुस्ती: धर्म, भाषण, छापखाना, शांतपणे जमणं, आणि सरकारपुढे गाऱ्हाणं मांडणं.

"हे पुस्तकात नाही," मर्ल म्हणाले.

"तुमच्या पुस्तकात नाही, साहेब. पण ते घटनेत कुठून आलं ते तुमच्याच पुस्तकात आहे. पाचवं कलम."

मर्लनी स्वतःची प्रत उघडली. वडिलांच्या छापखान्यातली ती, कोपरे झिजलेली. बराच वेळ ते वाचत राहिले.

"यात काँग्रेसनं, म्हणजे देशाच्या संसदेनं, कायदा करू नये असं आहे," शेवटी ते म्हणाले. "आम्ही काँग्रेस नाही."

"ती पळवाट चौदाव्या दुरुस्तीनं बुजवली, मर्ल, राज्यांपासून शाळा मंडळापर्यंत सगळ्यांना ते लागू झालं," व्हर्ना जागेवरूनच म्हणाली. घसा अगदी ठणठणीत होता. "तीही वाचायला लावू का? लांबलचक आहे. तुझं जेवण थंड होईल."

लोक हसले. मर्ल नाही. त्यांनी पुस्तिका मिटली, तिच्यावर तळहात ठेवला.

"वडिलांना वाटायचं, अस्सल आहे तेच पुरेसं," ते म्हणाले, आणि मग इतर सभासदांकडे वळले. "बंदी उठवावी, असं मी मांडतो."

आठपैकी सहा हात वर झाले. देखरेख अधिकारी टाचणीशी चाळा करत बसला होता.

"बोलायला तीन मिनिटं, मिसेस ट्रेस्लर," मर्ल म्हणाले.

लोर्नानं प्रयोगशाळेचा कागद उलगडला. या वेळी तिनं नाव घेतलं तेव्हा कुणी टोकलं नाही. तिसरं मिनिट संपायच्या आत तिनं मागितलं: नळ उद्या बंद, नवी नळजोडणी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी, आणि दर महिन्याच्या पाणी-तपासणीचा अहवाल शाळेच्या दारावर चिकटवलेला.

सकाळी नळावर काळी पिशवी बांधलेली होती. लोर्नानं गाठ ओढून पाहिली, घट्ट होती. रेननं विचारलं, "कायमची बांधलीय?"

"नाही," ती म्हणाली. "नवा नळ बसेपर्यंत. नाही बसला, तर मे महिन्यात पुन्हा सभा आहे."