टोकावरचा लाल रंग

पितळेवर डिझेलची ओली कड फार वेळ एका जागी राहत नाही. गज टाकीबाहेर आला की ती हळूच वर सरकू लागते. म्हणून तिचा आकडा लगेच वाचावा लागतो.

मित्रांनो, तो गज म्हणजे मी. पवनीच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोलपंपाचा जुना डिपरॉड. जमिनीखालच्या टाकीत डिझेल किती उरले, ते मी सांगतो. दूरच्या विहिरींतले कच्चे तेल जहाजांतून, नळांतून कारखान्यात जाते, शुद्ध होते आणि टँकरने आमच्यापर्यंत येते. वाटेत जिथे ते साठते, तिथे ते मोजले जाते. त्या लांब प्रवासातल्या शेवटच्या साठ्याचे माप माझे, याचा मला अभिमान आहे.

मालक गोपाळराव मला फार जपतात. दर दसऱ्याला नोझलांबरोबर माझीही पूजा होते, टोकाला कुंकू लागते. रोजचे माप त्यांची सून कामिनी घेते. ती माझ्या टोकाला एक लेप लावते. डिझेलमध्ये तो तसाच राहतो. पाणी लागले की लाल होतो. पाणी जड, म्हणून ते तळाशीच सापडते.

यंदा पावसाळाभर टोक जरा जरा लाल येत होते. टाकीचे जोड झिजले होते, त्यांतून पावसाचे पाणी आत झिरपत होते.

"टाकी बदलू ना, मामाजी," कामिनी म्हणे.

"धान निघू दे, मंग पाहू," सासरे म्हणत. टाकी बंद म्हणजे हंगामाची विक्री बंद.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लाल पट्टा बराच वर आला. तळाचे पाणी आता डिझेल ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाजवळ आले होते. बाहेर नेहमीचा गिऱ्हाईक धनंजय धान कापायचा हार्वेस्टर घेऊन डिझेलसाठी उभा.

"कालचं कुंकू असंन ते," गोपाळराव म्हणाले.

धनंजय हसला. "नीट पाहा जी काका! माही मशीन काही म्हैस नाही, पानी पाजाले."

कामिनीने वाद घातला नाही. मला पुसून कोरडे केले, नवा लेप लावला आणि सरळ, सावकाश तळाला टेकवले. ती थांबली. इतक्या स्थिर हाताने मला कोणी धरले नव्हते. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूला एवढेच हवे असते: स्वच्छ ठेवा, आणि दाखवू ते पाहा.

मी वर आलो. टोक लालच.

गोपाळरावांनी त्यावरून बोट फिरवले. ते कुंकू नव्हते, पाण्याने लाल झालेला लेप होता.

"धनंजय, दुसऱ्या पंपावर जा बाप्पा," ते म्हणाले. "कामिनी, नोझलले कुलूप लाव. धानाची वाट पाहाची नाही आता. टाकी बदलू."