पाच वेळा वाकवलेली पाठ

मी एक जुनी, दोन हातांची लाकडी खुर्ची आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोडगोड कहाणी हवी असेल तर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे जा.

माझा जन्म ऑस्ट्रेलियात, जिलाँगमधल्या एका कारखान्यात झाला. सुताराने माझे हात मुद्दाम चार बोटं उंच ठेवले, कारण मी इस्पितळासाठी होते आणि दुखणारा माणूस हातांवर जोर देऊनच उठतो. बालारॅटच्या इस्पितळात मी वीस वर्षं काढली. परिचारिका म्हणायच्या, "हिच्यावर बसा, उठायला सोपं जातं." पुढे मऊ निळे सोफे आले आणि माझी रवानगी मेलबर्नला झाली, डॉक्टरांच्या परीक्षेच्या खोलीत.

ही परीक्षा वेदनातज्ज्ञांची. वर्षानुवर्षं ज्यांचं दुखणं हटत नाही, त्यांच्यावर उपचार करणारे हे डॉक्टर. खोलीत खराखुरा रुग्ण बसतो आणि परीक्षार्थी एकामागून एक येऊन त्याला तपासतात. रुग्ण आपखुशीने येतो. त्याला चहा मिळतो, एक बिस्कीट मिळतं. आणि परीक्षा वेदनेची असूनही त्याला दिवसभर कुणी विचारत नाही की, बाबा रे, या परीक्षेने तुला किती दुखतंय?

एका वर्षी परीक्षेच्या दिवशी रुग्ण म्हणून माझ्यावर क्लॅरी डनस्टन बसला होता. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं कमरेत वाकून मेंढ्यांची लोकर कातरलेली. "दहापैकी किती दुखतं?" असं विचारलं की तो म्हणायचा, "तीन." कातरणीवाल्यांत कण्हणं म्हणजे लाज. पण त्याची नखं माझ्या लाकडात रुतत होती, ते मला कळत होतं ना! पाच परीक्षार्थी आले. पाचही जणांनी 'तीन' लिहिलं आणि पाचही जण म्हणाले, "आता उभे राहा. वाका." चौथ्यापासून तो एकाच मांडीवर भार देऊन बसू लागला. कुणाचंही लक्ष गेलं नाही.

सहावी आली डॉ. मेरेवाई, मूळची फिजीची. ती येण्याआधीच परीक्षक डॉ. हॅलोरनबाई पुटपुटल्या होत्या, "दोनदा नापास झालीय. ही शेवटची संधी."

"दहापैकी किती?" मेरेवाईने विचारलं.

"तीन."

तिने त्याच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. "आणि ही बोटं काय म्हणतायत?"

"ती युनियनची आहेत. माझं ऐकत नाहीत."

"आज कितव्यांदा वाकणार?"

"सहाव्यांदा. आम्ही मेंढीला तरी एकदाच कातरून सोडतो."

"मग नका वाकू. मी काय बघितलं असतं ते तोंडी सांगते."

"डॉक्टर," हॅलोरनबाई म्हणाल्या, "तपासणीला वीस गुण आहेत. शून्य द्यावं लागेल."

"द्या," मेरेवाई म्हणाली. तिने माझी पाठ धरली होती आणि तिचा तळवा घामाने ओला झाला होता. तरी तिने एकेक मणका, एकेक नस सांगितली. वेळ संपली, ती गेली. बाईंनी शून्य लिहिलं.

"चला क्लॅरी, पुढचे येतायत. उठा."

क्लॅरी उठला नाही. "मी संपावर आहे, बाई."

"म्हणजे?"

"माझा बाप कातरणीवाल्यांच्या संपात महिनोन्महिने बसला होता. मला ही खुर्ची पुरे. आधी त्या पोरीच्या शून्याचं बघा."

"असा दबाव आणता येत नाही."

"बरं. मग त्या पाच शहाण्यांचे कागद बघा. मला आठ दुखतंय. मी तीन म्हटलं आणि सगळ्यांनी तीन लिहून घेतलं. त्यांना गुण किती दिलेत?"

बाईंनी कागद उलटले. पुन्हा उलटले. "पूर्ण," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग मेरेवाईचं शून्य खोडलं. "तिने तुम्हालाच तपासलं. बाकीच्यांनी नुसती पाठ तपासली." दारात आलेल्या सातव्याला त्यांनी आधीच बजावलं, "आज वाकायला सांगायचं नाही."

तेवढ्यापुरती मी खूश झाले. खोटं कशाला बोलू?

पण पुढच्या वर्षी क्लॅरी पुन्हा आला आणि स्टुलावर पाय ठेवत म्हणाला, "पास झाली ती. बेंडिगोच्या दवाखान्यात बसते. तिच्याकडे माझा नंबर चौदा महिन्यांनी आहे."

चौदा महिने! ऐकून माझे खिळे ढिले झाले. असे डॉक्टर मूठभर आणि दुखणारी माणसं गावोगाव!

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला डॉक्टर व्हायचं असेल तर लवकर व्हा. आणि रुग्णाला "दहापैकी किती?" हे विचारण्याआधी, "आज तुम्हाला आणखी कुणी कुणी वाकवलं?" ते विचारा. क्लॅरी वाट बघतोय.