महासंघाबाहेर राहण्याची सात कारणं

नाही म्हणण्याची कला माझ्या अंगात जन्मजात आहे. शाळेत मी कंपासपेटी कधी कुणाला दिली नाही, आणि तरीही सगळ्यांना वाटायचं की हा बिचारा द्यायलाच निघाला होता. सरकारने हा गुण बरोबर हेरला आणि मला परराष्ट्र खात्यात पुस्तिका लिहायला बसवलं.

त्या वर्षी शेजारच्या वीस देशांनी मिळून केलेल्या महासंघात जायचं की नाही, यावर आमच्याकडे मतदान होतं. सरकारला जायचं नव्हतं. आम्हाला कमी काय होतं? समुद्रात मासे, समुद्राखाली तेल, डोंगरात धरणं, आणि लोकसंख्या इतकी कमी की रस्त्यात भेटलेला माणूस बहुधा नात्यातलाच निघायचा. संचालकबाईंनी मला बोलावून सांगितलं, "बारा पानं. घरोघरी जाणार आहेत. सात कारणं द्या. पण माज नको. खाऊन-पिऊन सुखी माणसाने शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावलं, असं दिसता कामा नये."

पहिली सहा कारणं मी दोन दिवसांत हातावेगळी केली. आमचे मासे किती धरायचे, हे ज्यांना समुद्रच नाही त्यांनी का ठरवावं? वीस जणांच्या टेबलावर आमचा एक हात कुणाला दिसणार? आपलं छप्पर धड असताना दुसऱ्याची गळती आपण का काढावी? (हे मी फार गोड भाषेत लिहिलं.) घोडं अडलं सातव्यावर. व्यापार करायचा तर महासंघाचे नियम आम्हाला पाळावेच लागणार होते, आत राहा नाहीतर बाहेर. मग नियम पाळायचे आणि ते ठरताना मात्र खोलीत नसायचं, याचं समर्थन करायचं कसं? दिवसभर पेन चावलं आणि संध्याकाळी लिहिलं: 'शेजारी राष्ट्रांच्या अंतर्गत निर्णयांत ढवळाढवळ करण्याची आमची इच्छा नाही. निर्णयांची माहिती आम्हाला वेळेवर मिळावी, एवढीच आमची अपेक्षा.'

संचालकबाईंनी ते दोनदा वाचलं. "वा! ताकाला जाऊन भांडं लपवावं तर असं," त्या म्हणाल्या. मी लाजलो. मला ती स्तुती वाटली.

त्याच आठवड्यात ताईचं पत्र आलं. आम्ही तीन भावंडं: ताई, मी आणि धाकटा. ताई शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, धाकटा बस दुरुस्त करतो. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. त्यांचा एक डोळा कधीच गेला होता आणि दुसरा निघाला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं: ऑपरेशन केलं तर नीट दिसेल, बिघडलं तर आहे तेवढंही जाईल. घरच्यांनी ठरवा.

ताईने आणि धाकट्याने तळमजल्यावर शेजारी-शेजारी दोन घरं घेतली, मधली भिंत पाडली, स्वयंपाकघर एक केलं आणि बाबांना मधल्या खोलीत आणलं. तिसरं घर माझ्यासाठी धरून ठेवलं होतं. 'रविवारी टेबलाशी बसून सगळं हात वर करून ठरवतो,' ताईने लिहिलं होतं. 'भांडी कुणी घासायची इथपासून. मधल्या, तुम्ही दोघं या. बाबांच्या डोळ्याचं तरी सगळ्यांनी मिळून ठरवू.'

आता माझं घर टेकडीवर. तीन खोल्या, माणसं दोन, खिडकीतून खाडी दिसते. तिसऱ्या खोलीत व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर कपडे वाळतात. हे वैभव सोडून मी भांड्यांच्या मतदानाला जाऊ? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हात वर केला आणि बाबांचा डोळा गेला, तर तो हात मी कुठे लपवणार होतो?

उत्तर तर द्यायला हवं होतं. पुस्तिकेचा मसुदा टेबलावर होताच. मी त्यातले मासे आणि तेल काढलं, 'शेजारी राष्ट्रां'च्या जागी 'प्रिय भावंडां'ना बसवलं आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवून काढलं. वर एक 'तत्त्वतः' घातला. बायकोने पत्र वाचलं आणि म्हणाली, "हा शब्द तू मला लग्नाला होकार देतानाही वापरला होतास."

तीन आठवड्यांनी पुस्तिका घरोघरी गेली. घरोघरी म्हणजे ताईच्याही घरी जाणार, हे देशातल्या सर्वांत हुशार पुस्तिकालेखकाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती दोन्ही कागद घेऊन थेट माझ्या कार्यालयात आली. सारख्या वाक्यांखाली लाल पेन्सिलीने रेघा मारलेल्या. रेघा नसलेली जागा कमीच होती.

"अरे," ती म्हणाली, "बाबांसाठी तरी एखादं नवीन वाक्य लिहायचंस."

तिने कागदांची घडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. माहिती मिळेल तुला वेळेवर." ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मतदान झालं. देश बाहेर राहिला. संचालकबाईंनी केक कापला आणि पहिला तुकडा मला दिला.

रविवारी मी ताईकडे जायला लागलो, पाहुणा म्हणून. तिथले नियम मला पाळावे लागत. फोन दाराजवळच्या टोपलीत, आपलं ताट आपण घासायचं, आठनंतर रेडिओ बंद. नियम ठरले तेव्हा मी खोलीत नव्हतो. एकदा ताटांच्या बाबतीत मी हात वर केला, तर धाकटा हसत म्हणाला, "दादा, हात खाली. तू बाहेरचा ना?" सगळे हसले, मीही हसलो. सातवं कारण माझंच होतं, रडणार कुणाकडे?

डोळ्याचा विषय माझ्यासमोर कुणी काढत नव्हतं. मला मत नव्हतं असं नाही, चांगलं ठणठणीत मत होतं. ऑपरेशन करू नये. आहे तेवढं राहू दे. भिंत, दार, आमचे चेहरे जवळ आणले तर ओळखू येतात, तेवढं पुरे. दर रविवारी हे सांगायचं ठरवून मी जायचो आणि ताट घासून परत यायचो.

मग एका गुरुवारी दुपारी टेबलावरचा फोन वाजला. ताईचा संदेश: 'बाबांचं ऑपरेशन उद्या सकाळी सात वाजता. माहितीसाठी.'

मी खुर्चीतून उठलो तो जिन्यातच तिला फोन लावला. "हे कधी ठरलं?"

"रविवारी. तू गेल्यावर."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं रे. तूच नको म्हणालास, आणि वर छापून घेतलंस." मग तिचा आवाज खाली आला. "दोन-दोन झाले होते. बाबा आणि धाकटा कराच म्हणाले. मी आणि धाकट्याची बायको नको म्हणालो."

दोन-दोन! म्हणजे माझ्या एका हाताने थांबलं असतं. वीस जणांच्या टेबलावर आमचा हात कुणाला दिसणार, असं मी लिहिलं होतं. हे टेबल चौघांचं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग बाबा म्हणाले, मधल्याचं काय म्हणणं आहे? मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, तत्त्वतःसकट. त्यांनी ऐकलं आणि दुसराही हात वर केला. म्हणाले, हा त्याचा. तो येत नाही, तर मी धरतो."

जिन्याच्या पायरीवर बसून मी रडलो. संचालकबाई वरून उतरत होत्या, त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आमच्या खात्यात ते सगळ्यांना छान जमतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको पावणेसातलाच इस्पितळात पोचलो. ताई, धाकटा, त्याची बायको बाकावर बसले होते. धाकट्याने सरकून जागा केली. दहाच्या सुमाराला बाबांना बाहेर आणलं, डोळ्यावर जाड पट्टी. काय झालं ते पट्टी सुटल्यावर, चार दिवसांनी कळणार होतं.

मी पलंगाजवळ गेलो. "कोण?" त्यांनी विचारलं.

"मी, मधला."

त्यांनी हवेत चाचपडत माझा हात शोधला. घड्याळवाल्याची बोटं. त्यांनी माझं मनगट असं धरलं की जणू किती वाजले ते बघायचं होतं.

"रविवारी तुझा हात मी वर केला," ते म्हणाले. "तुला न विचारता. बरोबर केलं ना रे?"

बरोबर केलं नव्हतं. माझा हात खालीच राहिला असता. पण ते पट्टीआडून माझ्या दिशेने तोंड करून वाट बघत होते, आणि माझ्याकडे सातातलं एकही कारण उरलं नव्हतं.

"बरोबर केलंत, बाबा," मी म्हणालो. "आता रविवारी मी स्वतः येतो. सामान घेऊन."

"तत्त्वतः?" मागून ताईने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "सायकलसकट."