वीस मिनिटांची झोप

बाबागाडीवर बसवायचं एक कव्हर करता करता माझ्या नाकी नऊ आले होते. शहरातल्या धुरापासून तान्ह्या बाळांना वाचवायचं, एवढंच काम. वर पारदर्शक टोपी, मागे छोटा पंखा, पंख्याला फिल्टर. ऐकायला सोपं. पंखा मोठा केला की बाळ गारठणार, लहान केला की हवा कोंडणार. दोन वर्षांत अकरा नमुने भंगारात गेले. बारावा मात्र पास झाला. प्रयोगशाळेत गाडीत बाहुली निजवून मोजलं, तर आतली धूळ बाहेरच्या निम्मी. बाहुलीसारखं गुणी लेकरू नाही, मेली कधी रडत नाही.

आता फक्त अहवालावर माझी सही राहिली होती. त्याआधी खऱ्या बाळावर बघू, असा हट्ट मीच धरला. बाळ घरातलंच होतं, धाकट्या बहिणीची पाच महिन्यांची मुलगी. बहीण रोज सकाळी तिला पाळणाघरात सोडून कामावर जायची. एक आठवडा कव्हराशिवाय आणि एक आठवडा कव्हर लावून, गाडीत धूळ मोजायचं यंत्र ठेवलं.

आकडे आले आणि माझं डोकंच फिरलं. कव्हर लावल्यावर बाळाजवळची धूळ वाढली होती. यंत्र बदललं, फिल्टर बदलला, पंखेवाल्याला उगाचच फोनवर झापलं. आकडे तेच. शेवटी घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला एका सकाळी मी बहिणीच्या मागोमाग निघाले.

एरवी ती मागच्या शांत गल्ल्यांतून वळसा घालून जायची. आज ती सरळ हमरस्त्याला लागली. बसच्या धुरातून, सिग्नलला ट्रकच्या शेजारी थांबत. मी धावत जाऊन तिला गाठलं आणि इथून का, म्हणून विचारलं.

"ताई, तूच केलंयस ना हे कव्हर? मग भीती कसली?" ती म्हणाली. "इथून वीस मिनिटं वाचतात. तेवढी झोप मिळते मला."

राग आला, पण तिच्यावर काढायला मला तोंड नव्हतं. दोन वर्षं मी हवेचा विचार केला, बाळाचा केला, गाडी ढकलणाऱ्या बाईचा केलाच नव्हता. तिला सगळे आकडे सांगितले. ती तिथेच फुटपाथच्या कडेला बसली. उद्यापासून बाळाला मी गल्लीतून नेते, तू झोप, असं मी म्हटलं.

तिने उठून गाडी गल्लीकडे वळवली. मग म्हणाली, "आणि जिला ताई नाही, तिनं काय करायचं?"

कंपनीत साहेबांपुढे मी तेच आकडे ठेवले. कव्हर लावलंत तरी गर्दीचा रस्ता टाळा, एवढं खोक्यावर ठळक छापा, अशी गळ घातली. असं छापलं तर घेईल कोण, असं ते म्हणाले, आणि बाहुलीचे आकडे खोटे आहेत का, तेही विचारलं. खोटे नव्हते. मी सही केली नाही. दोन दिवसांनी माझ्या हाताखालच्या माणसाने केली.

आता रोज सकाळी भाचीला मी गल्लीतून नेते आणि अर्धवट झोपेत कामावर पोहोचते. परवा गल्लीच्या तोंडाशी एक अनोळखी बाई दिसली, बाबागाडीवर आमचं कव्हर, नवंकोरं. मी तिला थांबवून म्हटलं, इकडून या, हवा बरी आहे.

"कव्हर आहे की," ती म्हणाली, आणि हमरस्त्याकडे वळली.