भिंतीवरचं वाक्य

शेलवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत एक वाक्य रंगवलेलं आहे : ‘ज्याचा पगार सरकारी, त्याचं लेकरू सरकारी शाळेत.’ मुख्याध्यापक सिद्रामप्पा गुरुजींनी ते पदरच्या खर्चानं रंगवून घेतलं, कारण वाक्यही त्यांचंच. शिक्षकांची बैठक असो, कुणाचा निरोप समारंभ असो की गणपतीचा मांडव, गुरुजींच्या हाती माईक आला की हे वाक्य आलंच. कलेक्टरचं लेकरू, तहसीलदाराचं लेकरू आणि सालगड्याचं लेकरू एका सतरंजीवर बसवा, मग बघतो शाळेचं छत कसं गळतंय ते! एवढं म्हणून टेबलावर मूठ आपटायची, टाळ्या घ्यायच्या आणि चहाला बसायचं. कळंब तालुक्यात त्यांना ‘सरकारी लेकरूवाले गुरुजी’ म्हणत. गुरुजींना ते आवडायचं.

त्यांचा स्वतःचा मुलगा शिवप्रसाद मात्र पहिलीपासून लातूरला इंग्रजी शाळेत शिकला, वसतिगृहात राहून. हे कुणी त्यांना तोंडावर विचारत नसे. विचारणाऱ्यांची लेकरंही तिथंच होती ना!

शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी शिवांजली मॅडमकडे. या मॅडम परंड्याकडून बदलून आल्या, वयानं गुरुजींच्या लेकीसारख्या, बोलायला कमी. आल्या त्या जूनमध्येच त्यांनी एक काम केलं. आपल्या मुलाचं, रुद्रेशचं नाव कळंबच्या कुठल्याही भारी शाळेत न घालता शेलवाडीच्या पहिलीत घातलं.

गुरुजींनी स्वतःच्या हातानं ते नाव हजेरीत लिहिलं, हसून लिहिलं, आणि आतून त्यांना कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं.

पुढं जे झालं ते तर त्यांच्या भाषणात होतं तस्संच झालं. ग्रामसेवकाच्या बायकोनं नवऱ्याला घेरलं, “मॅडमचं लेकरू जमिनीवर बसतंय, आपल्या लेकीला काय सिंहासन लागतंय का?” लेक शाळेत आली. तिच्या मागोमाग सरपंच हिंमतरावांचा नातू आला. मुलींच्या संडासात पाणी नाही म्हणून गुरुजींनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. ग्रामसेवकाची लेक दुपारी रडत घरी गेली आणि त्याच आठवड्यात नळ आला. ओट्यावरची फुटकी फरशी बदलली. शाळेसमोरचा उकिरडा उठला. मॅडमनी ना अर्ज केला, ना भाषण.

गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. वाक्य माझं, भिंत माझी, रंगाचे पैसे माझे, आणि नाव हिचं? कळंबला शिक्षण परिषदेत मॅडमला शाल-श्रीफळ मिळालं. तेव्हा त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला उभं कुणाला केलं, तर गुरुजींना. त्यांनी गोड गोड बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात मॅडम होत्या, रुद्रेश होता, आणि कडेला गुरुजींचा फक्त खांदा होता.

“कुणावर चिडायलाव सकाळी सकाळी?” त्यांची बायको उमादेवी म्हणाली. “चपाती गार व्हायली.”

“चिडायला काय झालं? म्या कशाला चिडू?” गुरुजींनी पेपर उलटा घडी घालून ठेवला. “नोकरीला लागून चार दिस झाले न्हाईत आन् हिला शाली पांघरायलेत. तीस वरसं म्या बोंबलतोय, तवा कुणी पंचा तरी दिला का?”

“तुमी बोललाव. तिनं केलं,” उमादेवी म्हणाली आणि तव्याकडं वळली. त्या दिवशी गुरुजी अर्धपोटी शाळेत गेले.

हेवा माणसाला मोठी हातचलाखी शिकवतो. गुरुजींनी रुद्रेशला कधी मारलं नाही, बोल लावला नाही. फक्त त्याच्याकडं बघणं सोडलं. पाट्या तपासताना त्याची पाटी राहून जायची. तसं पाहिलं तर आता वर्गातल्या कुणाकडंच बघायला त्यांना वेळ नव्हता. ऑनलाइन माहिती भरायची, खिचडीचा हिशेब भरायचा, तालुक्याला पळायचं. “पाट्या काढा, बाराखडी गिरवा” म्हटलं की पहिली-दुसरीचा दिवस सरायचा. पूर्वीही तो बराचसा असाच सरायचा, हे त्यांना ठाऊक होतं, पण आता त्यांना सांगायला मॅडमच्या गाजावाजानं वाढलेल्या कामाचं कारण मिळालं होतं.

डिसेंबरात निरोप आला : जिल्हा परिषदेचे मोठे साहेब धाराशिवहून शाळा बघायला येणार आहेत. ‘शेलवाडीचा प्रयोग’ पसंत पडला तर तो सगळ्या जिल्ह्यात लावायचा म्हणतात. गुरुजी येत्या मेमध्ये निवृत्त होणार होते. एवढ्यात आपल्या वाक्याला आपलं नाव लागलं तर लागलं, नाहीतर ते जन्मभर मॅडमचं म्हणून ओळखलं जाईल, हे त्यांना उमगलं. आठ दिवस त्यांना दुसरं काही सुचलं नाही. आणि मग त्यांना जे सुचलं, ते त्यांनी उमादेवीलाही सांगितलं नाही.

साहेब आले. कपाळावर ताजी विभूती लावून गुरुजी फाटकाशी उभे होते. हिंमतरावांनी हार घातला, मुलांनी स्वागतगीत म्हटलं. साहेबांनी नळ सोडून बघितला, फरशी बघितली आणि विचारलं, “मॅडमचं लेकरू कोणतं?”

रुद्रेश पुढं आला. गुरुजी याच क्षणाची वाट बघत होते.

“साहेब, वाचून घ्या की त्याच्याकडून,” ते म्हणाले. “नुसतं नाव घालून फोटो काढल्यानं काय होतंय? लेकराला वाचता आलं पाहिजे. हे भिंतीवरचं वाचू द्या.”

सगळे भिंतीसमोर जमले. रुद्रेशनं वर बघितलं. “ज... य...” तो म्हणाला, आणि थांबला. त्यानं आईकडं बघितलं. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

“जोडाक्षर आहे, राहू दे,” साहेब मवाळपणे म्हणाले. “पुढचा हा शब्द वाच.” त्यांनी ‘लेकरू’कडं बोट दाखवलं.

“ल... क... र...” काना-मात्रा, वेलांटी-उकार त्याच्या लेखी नव्हतेच. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागं कुणीतरी फिदकन हसलं.

गुरुजींना किती महिन्यांनी बरं वाटत होतं! शालवाल्या मॅडमचं लेकरू, पेपरातलं लेकरू, आणि ‘लेकरू’ वाचता येईना. आता साहेब मॅडमला काय म्हणतात ते ऐकायला त्यांनी मान किंचित पुढं केली.

साहेब वळून म्हणाले, “पहिलीला कोण शिकवतं?”

हिंमतराव फेटा सारखा करू लागले. गुरुजींना वाटलं, प्रश्न ऐकण्यात आपली काही चूक झाली असेल. मग त्यांनी पुढं केलेली मान मागं घेतली.

“पहिली-दुसरी गुरुजींकडं आहे,” शिवांजली मॅडम म्हणाल्या. “शिकेल तो, साहेब. गुरुजी जुने आहेत.”

आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. साहेबांनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा गुरुजींकडं, आणि ते गाडीत जाऊन बसले. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

शाळा सुटल्यावर गुरुजी कार्यालयात एकटे बसले होते. मॅडम पर्स घ्यायला आल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं?” गुरुजींनी विचारलं. “म्या त्याच्याकडं बघत न्हवतो ते?”

“दिवाळीच्या आधीच कळलं होतं, गुरुजी.”

“मग घरी शिकवायचं की! मास्तरीण हाव तुम्ही. महिन्याभरात वाचाया लागला असता.”

“लागला असता,” मॅडम म्हणाल्या. “रोज रात्री हात शिवशिवायचे माझे. पण बाकीच्या लेकरांना घरी कोण शिकवतंय? माझा घरून शिकून आला असता, तर साहेब ‘वा’ म्हणून गेले असते आणि शाळा होती तशीच राहिली असती. एका सतरंजीवर बसवा, असं तुम्हीच म्हणायचाव ना? मी डी.एड.ला होते तेव्हा कळंबला तुमचं भाषण ऐकलं होतं. तेव्हाच ठरवलं होतं, आपलं लेकरू झालं की असंच करायचं.”

“आन् आता? नाव काढून न्हेताव का त्याचं?”

“कशाला?” त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. “शाळा तीच, गुरुजी तेच. उद्या येईल तो.”

त्या गेल्या. गुरुजींना शिवप्रसाद आठवला, सहा वर्षांचा, लातूरच्या फाटकाला दोन्ही हातांनी धरून उभा असलेला. त्याला तिथं का ठेवलं, याची चांगली चांगली कारणं त्यांनी आजवर सांगितली होती. खरं कारण एकच होतं. गावच्या शाळेत कोण शिकवतं आणि कसं शिकवतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. स्वतःच्या हाती स्वतःचं लेकरू द्यायची त्यांची छाती झाली नव्हती. या बाईनं मात्र आपलं लेकरू त्यांच्याच हाती दिलं होतं, आणि आता सगळं कळल्यावरही ती ते परत मागत नव्हती. गुरुजींना तिच्या शालीचा हेवा वाटला होता, फोटोचा वाटला होता. आज तिच्या या भरवशाचा जो वाटला, त्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी परिपाठ झाल्यावर त्यांनी पहिली-दुसरीला वर्गात जाऊ दिलं नाही. सगळ्यांना भिंतीसमोर उभं केलं आणि कंपासपेटीतली पट्टी अक्षरांवर ठेवली.

“चल ग पोरी, तू दुसरीत हायस. वाच.”

ती गप्प राहिली. तिच्या शेजारचाही गप्प. ग्रामसेवकाच्या लेकीनं ‘सरकारी’मधला ‘स’ ओळखला. हिंमतरावांच्या नातवानं सगळं वाक्य घडाघडा म्हटलं. गुरुजींनी पट्टी मधल्याच एका शब्दावर ठेवली, तेव्हा कळलं की त्याला ते नुसतं ऐकून पाठ झालं होतं. एकेक करून सगळे झाले. सर्वांत शेवटी रुद्रेश उभा होता, दोन पावलं लांब, त्यांच्या पट्टीकडं भिऊन बघत.

तीस वर्षं जे वाक्य गुरुजी तालुकाभर ऐकवत फिरले, ते त्यांच्या वर्गातल्या एकाही लेकराला वाचता येत नव्हतं.

गुरुजींनी पट्टी खाली ठेवली, खिशातून खडू काढला आणि ओट्याच्या नव्या फरशीवर मांडी घातली.

“ये बाबा,” ते रुद्रेशला म्हणाले, “हितं बस. ‘ल’पासनं करू.”