डाव्या पात्याची धार

"देऊन टाका त्याला! आज तीनच्या आत देऊन टाका, आणि पोचवायला माणूस नसेल तर मी पोचवतो!" गिस्लीने कप टेबलावर आपटला. कॉफी सांडली. तीस वर्षं शहरातली बस चालवून निवृत्त झालेल्या या माणसाला हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं.

"बसने पोचवणार का? म्हणजे तो पोचेपर्यंत पुढचा मोसम सुरू होईल," कॉर्नी म्हणाला. धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी त्याची हयात गेली होती, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचं माप लागे. "एकोणसाठ सामने, सहा गोल. सहा! एवढे तर आपल्या गोलरक्षकानं आपल्याच जाळ्यात घेतले असतील."

"आणि सगळ्यात जास्त पगार त्यालाच," गिस्ली म्हणाला.

"तेच तर म्हणतो मी! हे हॉकी खेळणं आहे का? अरे, ही चोरी आहे."

तिसरा माणूस मायरन. तो अंड्याच्या पिवळ्या भागात पावाचा तुकडा बुडवत होता आणि मान वर करत नव्हता. डेल्फीनच्या खानावळीत दर गुरुवारी सकाळी हे तिघे याच टेबलाशी बसत, त्याला आता वीस वर्षं झाली. मायरन स्टर्जन्स या बर्फावरच्या हॉकी संघाच्या स्टेडियमखाली, पायऱ्या उतरून डावीकडच्या खोलीत, खेळाडूंच्या स्केट्सना धार लावी. एकोणतीस वर्षं तो हेच काम करत आला होता. टेबलावर संघाविषयी कितीही रण पेटलं तरी त्याला कोणी काही विचारायचं नाही आणि त्याने काही सांगायचं नाही, असा अलिखित करार होता. मायरनला त्याचा मनातून अभिमान होता. आपण गप्प आहोत म्हणून आपल्याला किंमत आहे, असं त्याला वाटे. ते बरोबरही होतं.

तो मार्चच्या सुरुवातीचा गुरुवार होता, खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस; दुपारी तीननंतर त्या मोसमात कुठल्याच संघाला ती करता येणार नव्हती. बाहेर उणे अठ्ठावीस. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. साऱ्या शहराला एकच प्रश्न पडला होता, मातुश होर्न्याकला ठेवायचं की द्यायचं. मातुश म्हणजे संघाचा डावीकडचा विंगर, तेहतीस वर्षांचा, स्लोव्हाकियाहून आलेला. तीन वर्षांपूर्वी याच लोकांनी त्याच्या नावाचे सदरे रांगा लावून विकत घेतले होते.

"मी म्हणते राहू द्या," डेल्फीन कॉफी ओतता ओतता म्हणाली. "बिचारा टिप चांगली ठेवतो."

"तुझ्या टिपेवर चषक मिळणार आहे का आम्हाला?" गिस्ली उसळला. "माझ्या नातवाला त्याचा सदरा घेऊन दिला होता मी. आता तो घराबाहेर घालायला तयार नाही. शाळेत हसतात म्हणे! परवा बघितलंस ना, चकती समोरून गेली आणि हा ढिम्म. पाय उचलायला होतंय काय? आळशी आहे तो. पैसे घेऊन झोपतो लेकाचा. आज संध्याकाळी आला ना बर्फावर, तर मी उभा राहून बोंब मारणार आहे. चोर! चोर!"

मायरनचा पावाचा तुकडा हातातच राहिला.

त्याला दिसत होतं ते मातुशचं डावं पातं. नाताळानंतर एक दिवस त्याने ते दिव्याखाली धरलं आणि मग उजव्याशी ताडून बघितलं. खेळून आलेल्या स्केटची आतली धार झिजते. माणूस त्याच धारेवर रेटा देतो, वळतो, थांबतो. उजव्या पात्याची धार पार बोथटलेली होती. डाव्याची मात्र त्याने सकाळी लावून दिली तशीच राहिली होती. पुढच्या सामन्यानंतरही तेच. माणूस डाव्या पायावर भारच देत नव्हता. मातुशने त्याला पात्याकडे टक लावून बघताना पकडलं आणि दार लोटून घेतलं. "दिसलं?" त्याने विचारलं. "दिसलं," मायरन म्हणाला. खुब्याचं हाड घासत आलं होतं. मातुशच्या गावाकडच्या डॉक्टरने उन्हाळ्यात शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि संघाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. "उन्हाळ्यापर्यंत गप्प राहा, उयो," तो म्हणाला होता. उयो म्हणजे त्यांच्याकडे काका. मायरनचे आजोबा युक्रेनहून आलेले, त्यामुळे दोघांचे अर्धे शब्द जुळत, आणि खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी दोघांच्याही घरी नाताळला होई.

आणि आता उन्हाळ्यापर्यंतही थांबायचं नव्हतं. किनाऱ्यावरच्या एका संघाला मातुश हवा होता, वर दोन वर्षांचा नवा करार द्यायलाही ते तयार होते. आज तीनच्या आत कागद झाले की तो सुटला; मग शस्त्रक्रिया झाली तरी करार पक्का. तोवर कोणाला काही कळता कामा नये, एवढंच.

म्हणजे गिस्लीला जे हवं होतं, नेमकं तेच मातुशलाही हवं होतं. मायरनने अंडं खाऊन घरी जायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं.

"चोर!" गिस्ली पुन्हा म्हणाला.

"तोंड सांभाळ," मायरन म्हणाला.

वीस वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता.

"का रे? तुझा कोण लागतो तो?"

"एका पायावर खेळतोय तो!" मायरनचा आवाज चढला. "अडीच महिने एका पायावर! डाव्या खुब्यात हाडावर हाड घासतंय त्याचं. तुला दाढ दुखली तर तू आठवडाभर बस काढत नव्हतास, आणि त्याला आळशी म्हणतोस? मी त्याचं पातं रोज हातात धरतो. मला विचार चोर कोण ते!"

बोलून झाल्यावर त्याने पावाचा तुकडा बशीत ठेवला. दोघे त्याच्याकडे बघत होते. गिस्लीचं तोंड उघडं राहिलं होतं.

"इथून बाहेर जाता कामा नये," मायरन हळू आवाजात म्हणाला. "निदान आज तरी. शपथ घ्या."

"घेतली," कॉर्नी म्हणाला.

गिस्लीने नुसती मान डोलावली. त्याचे डोळे पाणावले होते. "देवा रे," तो म्हणाला. "आणि मी काय काय बोललो त्याला." बिलं देऊन ते उठले तेव्हाही तो तेच पुटपुटत होता. मायरनला त्याचे ते पाणावलेले डोळे अजिबात आवडले नाहीत. गिस्ली चिडलेला असला की निरुपद्रवी असे. त्याला कोणाची कीव आली की मात्र धडकी भरे.

खोलीत आल्यावर मायरनने कामाला हात घातला. सकाळचा सराव संपला होता आणि भिंतीवरच्या फळीवर वीस जोड ओळीने उभे होते. तिथली रीत साधी होती. पातं वर करून ठेवलेला स्केट म्हणजे धार लावा. टॉवेलात गुंडाळलेला म्हणजे हात लावू नका. कोणी कोणाशी बोलत नसे, पण त्या फळीवर वीसच्या वीस माणसं आपली सारी दुखणी त्याच्या हवाली करून जात. कोणाचा घोटा वळतोय, कोण घाबरून मागच्या मागे थांबतोय, कोणाचा गुडघा बसला आहे, सारं मायरनला कळे आणि ते त्याच्यापाशीच राही. त्याने चाक चालू केलं. ठिणग्या उडाल्या. नेहमीप्रमाणे त्याने लहान रेडिओही लावला, कारण दुपारी श्रोत्यांचे फोन घेणारा खेळांचा कार्यक्रम लागे आणि त्यातली भांडणं ऐकायला त्याला आवडायचं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही तो दर पाच मिनिटांनी बघत होता.

बारा वाजून गेल्यावर मातुश आला. कित्येक महिन्यांत मायरनने त्याला असा हसताना बघितला नव्हता. त्याने कागदात बांधलेली खसखशीची गुंडाळी बाकावर ठेवली.

"बायकोनं केली. शेवटची. जमतंय, उयो. दोन वाजता सह्या."

"देवाची कृपा."

"शनिवारी तिथे पहिला सामना. धार तुमच्याच हातची हवी मला. दोन्ही सारखी लावा." तो बाकाच्या कडेला टेकला, डावा पाय सरळ पुढे ठेवून. "तिथे समुद्र आहे म्हणे. पोरीनं आत्तापासून बादली भरून ठेवलीय, वाळूत खेळायची."

मायरनने उजवा स्केट पकडीत घट्ट बसवला. सकाळचं सांगून टाकावं का, असं त्याच्या मनात आलं. पण कशाला? तीन तासांचा तर प्रश्न होता. शपथ घेतली होती दोघांनी. त्याने धार लावून पातं पुसलं आणि मातुशपुढे केलं. मातुशने नेहमीप्रमाणे अंगठ्याचं नख पात्यावर घासलं. नखाची पांढरी साल निघाली. "वा," तो म्हणाला. मायरनने डावा स्केट घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात रेडिओवर कोणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मायरनने वीस वर्षं ऐकलं होतं. त्याने रेडिओकडे झेप घेतली, पण हातात स्केट होता आणि मध्ये बाक होता.

"मला फक्त एवढंच सांगायचंय," गिस्लीचा आवाज आला, दाटलेला आणि नेहमीसारखाच मोठा, "की आपल्या सगळ्यांना लाज वाटली पाहिजे. मला तर वाटतेच. आपण ज्याला चोर म्हणतो तो मातुश होर्न्याक नाताळापासून एका पायावर खेळतोय. त्याचा डावा खुबा संपलाय, साहेब. आपल्यासाठी खेळतोय तो! हे मला कोणी सांगितलं ते सांगणार नाही मी. पण त्या माणसाच्या हाताखालून त्याचं पातं रोज जातं. आज संध्याकाळी सगळ्यांनी उभं राहून..."

मायरनने रेडिओ बंद केला.

खोलीत चाक तेवढं घरघरत होतं. मातुशने त्याच्याकडे बघितलं नाही. तो मुक्या रेडिओकडेच बघत राहिला, जणू अजून कोणी बोलणार होतं. मग त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. त्याने तो काढून नाव बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवला. तो वाजतच राहिला.

"कोणाला सांगितलंत?"

"टेबलावर. दोघांना," मायरन म्हणाला. "ते तुला चोर म्हणत होते रे. माझ्याच्यानं ऐकवेना."

मातुश बाकाला धरून उठला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच तो उघडपणे लंगडला. दाराशी तो थांबला.

"म्हणू द्यायचं होतं, उयो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मायरनला तो असता तर बरं झालं असतं. "तीनपर्यंतच तर म्हणू द्यायचं होतं."

दीड वाजता किनाऱ्यावरच्या संघाने नकार कळवला. दोन वाजता सह्यांऐवजी डॉक्टर आले आणि मातुशला तपासणीच्या यंत्राखाली घालायला घेऊन गेले. तीन वाजले, रोज वाजतात तसेच. चारच्या सुमारास सामानाचा मुख्य माणूस दारात आला आणि मायरनकडे न बघता म्हणाला की खुबा कामातून गेला आहे, यापुढे खेळणं नाही, कुठेच नाही. गुंडाळी तशीच कागदात होती.

गिस्लीचा फोन पाच वाजता आला. "ऐकलंस का रे मला? सगळ्या शहरात तेच चाललंय! बायका रडत होत्या फोनवर! नातवानं सदरा घातलाय परत, निघालाय माझ्याबरोबर!" मायरनला वाटलं याला सगळं सांगावं, शब्द न् शब्द. पण गिस्लीचा आवाज इतका आनंदात होता की त्याने नुसतंच "ऐकलं" म्हटलं आणि फोन ठेवला.

सामन्याआधी खेळाडू खाली उतरत. त्या वेळी कोणाला धार पुन्हा लावून हवी असे, कोणाला नुसता एक हात फिरवून. मायरनने चाकाचा दगड घासून सारखा केला, तेल पुसलं, दिवा खाली ओढला. बाहेर रबरी फरशीवरून पावलं येत होती. ती दारापाशी आली की हळू होत आणि मग पुढे जात. एक जण आत आला. त्याने फळीवरचा आपला जोड उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि मान खाली घालून निघून गेला. मग दुसरा. मग तिसरा. कोणी एक शब्दही वाकडा बोललं नाही. गल्लीपलीकडच्या दुकानातून कोणीतरी धारवाल्याला बोलावल्याचं त्याला नंतर कळलं.

वर स्टेडियम भरत गेलं. खेळाडूंची नावं पुकारली गेली आणि मग न खेळणाऱ्या मातुशचं नाव कोणीतरी फलकावर लावलं असावं, कारण छप्पर कोसळावं तशा टाळ्या सुरू झाल्या. सोळा हजार माणसं उभी होती. काँक्रीटमधून, फळीतून, बाकातून ती थरथर मायरनच्या तळहातापर्यंत आली. टाळ्या थांबेनात.

आता खोलीत एकच जोड उरला होता. मातुश तो तिथेच विसरून गेला होता, किंवा ठेवून गेला होता. उजव्याला धार होती. डावा बाकावर आडवा पडला होता, दुपारी मायरनच्या हातून राहिला होता तसाच.

मायरनने तो पकडीत बसवला आणि चाक चालू केलं. त्याने डाव्याची धार उजव्याइतकी करून घेतली, पातं पुसलं, अंगठ्याचं नख घासून बघितलं. मग दोन्ही स्केट पाती वर करून फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि मातुश न्यायला आलाच तर असावं म्हणून दार उघडं टाकून तो बसून राहिला.